इंजिनाआधी घेतलेला दोर

इंजिन मिळायच्या आधी मी दोर विकत घेतला. नांदेडला जुन्या मोंढ्याच्या बाजारात दोरखंडांची दुकानं आहेत, तिथून. दुकानदारानं विचारलं, बैलासाठी पाहिजे की विहिरीसाठी? मी म्हणालो, माणसासाठी. तो हसला नाही, मीही हसलो नाही. चांगला जाड, पीळदार दोर निवडून घेतला आणि घरी आणून अण्णांच्या अँबॅसेडरच्या डिक्कीत ठेवला. गाडी तेव्हा पत्र्याच्या शेडखाली चारही टायर बसलेल्या अवस्थेत उभी होती. तिला जागचं हलवायला माणसं लागली असती. पण उट्टं कसं काढायचं, हे माझं ठरलेलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, विष्णुपुरीच्या धरणावर त्यांची बरीचशी नोकरी गेली. आमचं मूळ गाव लातूरहून औशाकडे जाताना, मोठा रस्ता सोडून आत. खात्याच्या लिलावात अण्णांनी ही पांढरी अँबॅसेडर घेतली, तेव्हा आमच्या बौद्धवाड्यातच काय, सगळ्या गावात मोटार नव्हती. एक ट्रॅक्टर होता, तो वेशीला लागून असलेल्या मोठ्या घरी. गावची निम्मी काळी जमीन त्याच घराची. त्या घरचा थोरला मुलगा तेव्हा ऐन विशीत होता आणि ट्रॅक्टरवरून खाली उतरायला तयार नसायचा. शेजारच्या घरी विस्तव मागायला जायचं असतं तरी तो ट्रॅक्टरनं गेला असता.

दरवर्षी भीमजयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीनं गावी जायचो. गावाआधी ओढ्यावर एक बुटका पूल आहे. पुलानंतर चढ लागतो, चढ संपला की वेस. वेशीतून आत शिरलं की मोठं घर, पुढे चावडी, त्यापुढे पार, आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आमची वस्ती आणि विहार. आमची गाडी दरवर्षी त्या चढावर मधोमध बंद पडायची. दरवर्षी. नांदेडहून लोहा, अहमदपूर, लातूर करत सगळी वाट बिनतक्रार यायची, आणि घर हाकेवर आलं की मान टाकायची. पुलाजवळ अण्णा खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायचे, गाडी चढाला लागायची, जराशी चालायची, दोन आचके द्यायची आणि गप्प.

मग थोरला ट्रॅक्टर घेऊन यायचा. त्याला सांगावा धाडावा लागत नसे, तो वेशीत वाटच बघत असायचा.

"काय सायेब, थकलं का इंजन?"

"थकलं बाबा," अण्णा म्हणायचे. "वढ जरा."

चढ संपला की दोर सोडायला हरकत नव्हती. तिथून वस्तीपर्यंत जमीन सपाट, चार माणसांनी ढकलली असती तरी गाडी गेली असती. पण थोरला दोर सोडायचा नाही. वेशीतून आत, स्वतःच्या घरावरून, चावडीवरून, पारावरून, सगळ्या गावातून तो आमची गाडी ओढत न्यायचा. एका हातानं स्टिअरिंग धरून मागं वळून बघायचा, गळ्यातला रुमाल हवेत फिरवायचा. पोरं टाळ्या पिटत मागं पळायची. चावडीवरची माणसं तंबाखू चोळायची थांबायची. मोठ्या घराच्या दारात बायका येऊन उभ्या राहायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मी मागच्या सीटवरून घसरत खाली पायांपाशी जाऊन बसायचो. अण्णा आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "वर बस. नीट, ताठ बस. दिसला पायजेस."

स्वतः ते इस्त्रीच्या सफारीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसलेले असायचे. शेजारी माय, नव्या पांढऱ्या साडीत. दोघंही सरळ समोर बघत असायचे. विहारापाशी दोर सुटला की अण्णा उतरून थोरल्याला हात जोडायचे. मला ते हात जोडणं सगळ्यात जास्त झोंबायचं. सबंध वर्ष धरणाच्या कामावर माणसं ज्याला सलाम ठोकायची, त्याला हा मिसरूड फुटलेला गडी दोरानं बांधून गावातून फिरवतो, आणि वर अण्णाच त्याचे आभार मानतात. मी त्या वयात डूख धरला आणि तो सोडला नाही. पुढे मी मेकॅनिकल शिकलो, तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो, लग्न झालं, केस पिकले. थोरल्याचा रुमाल काही डोळ्यांपुढून हलला नाही.

अण्णा गेले तेव्हा थोरला नांदेडला भेटायला आला होता. आता चांगला साठीचा, मिशा रंगवलेल्या. शेडखालची गाडी बघून तो चार पाहुण्यांदेखत म्हणाला, "ही हाय व्हय अजून? लई वढली म्या हिला. बैलापेक्षा जास्त."

पाहुणे हसले. दुःखाच्या घरात माणसं कशालाही हसतात, त्यांना दोष नाही. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आणि त्याच आठवड्यात मोंढ्यात जाऊन दोर आणला.

इंजिन लातूरला मिळालं. एमआयडीसीच्या पलीकडे जुन्या स्पेअर पार्टांचं एक मोठं आवार आहे, तिथं एक पिकअप आडवी झालेली पडली होती. बॉडीचा चुरा झालेला, पण टर्बो डिझेल इंजिन शाबूत. विकणाऱ्यानं विचारलं, "कशात बसवता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सर, अँबॅसेडरला एवढं कशाला? तूर डाळीची मिल चालवायची हाय का तिच्यावर?" मी म्हणालो, एक जड वस्तू ओढायची आहे. गिअरबॉक्ससकट ते टेम्पोत घातलं आणि नांदेडला आणलं. आरटीओत रीतसर परवानगीही काढली. तिथल्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं की याच्या घरात कोणी समजावणारं आहे की नाही.

समजावणारी होती. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या खटाटोपात नवी गाडी येईल."

"नव्या गाडीनं काय होणार? तीच गाडी पाहिजे. तोच चढ आणि तोच माणूस."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र जुना सलवार-कमीज घालून शेडमध्ये आली आणि म्हणाली, "सांगा, काय धरायचं?"

शेडच्या लोखंडी तुळईला चेनपुली टांगली. रेडिएटर काढला, बॉनेट काढून भिंतीला टेकवलं, वायरी सोडवल्या. जुनं पेट्रोल इंजिन चेनला लटकवून वर घेतलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. हाच तो गद्दार, असं मी मोठ्यानं म्हणालो. मग त्याला टेबलावर ठेवून उघडलं. आतून ते किती सडलंय हे मला बघायचं होतं. ते सडलेलं नव्हतं. सिलिंडर गुळगुळीत, वॉल्व्ह नीट बसलेले. अण्णांनी त्याला मुलासारखं जपलं होतं.

"मग बंद का पडायचं?" बायकोनं विचारलं.

"चढाला ताकद कमी पडायची."

"बालाघाट चढून यायचात ना तुम्ही? तिथं नाही पडायची?"

मी म्हणालो, तो स्पॅनर दे. मला त्या प्रश्नात रस नव्हता. माझं सगळं लक्ष पुढच्या कामात होतं.

पेट्रोलची जुनी नळी काढताना ड्रायव्हरच्या सीटखाली एक पितळी तोटी सापडली. नळीच्या मध्ये बसवलेली, बसल्या जागेवरून हात खाली घातला की बोटांना लागेल अशी. फिरवली की पेट्रोल बंद. त्या काळी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून काही लोक अशी सोय करून घ्यायचे. ती वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली होती की पितळ चमकत होतं. मी ती खिळ्यांच्या डब्यात टाकली.

खरं काम पुढे होतं. डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढच्या स्प्रिंगा जाड करून घेतल्या. ते बसायला जुने आधार चालेनात, नवे कापून वेल्डिंग करून बसवले. गिअरबॉक्स लांब निघाला, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर कापून बॅलन्स करून आणला. टाकी धुऊन घेतली, डिझेल परत येण्याची दुसरी नळी टाकली, मोठा रेडिएटर बसवला. टर्बो इतका वर आला की बॉनेट लागेना, म्हणून बॉनेटला चौकोनी भोक पाडून वर पत्र्याचं टोपण जोडलं. पाठीला कुबड आल्यासारखी गाडी दिसू लागली. गल्लीतली माणसं येऊन बघायची आणि "सर, विमान करून राहिले का?" म्हणून दात काढायची. काढू देत, म्हटलं. प्रत्येक बोल्ट आवळताना मी थोरल्याचं तोंड समोर आणायचो. त्यामुळे एकही बोल्ट ढिला राहिला नाही. राग हा चांगला टॉर्क रेंच आहे, हे मी वर्गात शिकवत नाही एवढंच.

एकदा माय काठी टेकत शेडपर्यंत आली. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. तिनं विचारलं, "चालू गाडीचं इंजन कशाला काढून राहिलास?"

"आता ती चढावर बंद पडणार नाही, माय. कधीच नाही."

"मंग मजा काय ऱ्हायली?" ती म्हणाली. आणखीही काही बोलणार होती, पण मी डोक्यावरच्या मुखवट्याची काच खाली ओढून पुन्हा वेल्डिंग सुरू केलं. म्हाताऱ्या माणसाचं मन जुन्या वस्तूत अडकतं, असं मला वाटलं.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. काळा धूर आला, मग पांढरा, मग आवाज सरळ झाला. गिअर टाकून विष्णुपुरीच्या रस्त्याला घेतली, पाय दाबला, टर्बोची शिट्टी वाजली आणि गाडीनं मला सीटमध्ये मागं रेटलं. मी एकटाच होतो. मी मोठ्यानं एक शिवी हासडली, थोरल्याच्या नावानं, आणि फार बरं वाटलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. माय माझ्या शेजारी, नव्या पांढऱ्या साडीत. बायको मागं. मनाशी बेत साधा होता. तोच चढ वरच्या गिअरमध्ये फाडत जायचं, मोठ्या घरासमोर थांबायचं, थोरला बाहेर आला की डिक्कीतला दोर काढून दाखवायचा आणि विचारायचं, काय दादा, तुमचं काही ओढायचंय का? एवढं म्हणायला मी एवढी वर्षं थांबलो होतो. लातूर सोडून गाडी औशाच्या रस्त्याला लागली.

पूल आला. आणि पुलापलीकडे, चढावर मधोमध, एक नवीकोरी मोठी गाडी आडवी-तिडवी उभी. शेजारी कमरेवर हात ठेवून थोरला. मला माझ्या नशिबाची भीती वाटली, इतकं ते मनासारखं होतं.

मी गाडी थांबवून खाली उतरलो.

"काय दादा, थकलं का इंजिन?"

"कसला तरी दिवा लागला म्हनं, आन बंदच पडली," तो म्हणाला. "कंपनीचा मानूस लातूरवरनं यायला टाइम हाय. ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर गेलाय."

"मी ओढतो की."

त्यानं अँबॅसेडरच्या कुबडाकडे बघितलं. "हिनं?"

मी डिक्की उघडली. दोर काढला, त्याच्या गाडीच्या पुढच्या हुकात आणि माझ्या मागच्या आधाराला स्वतःच्या हातानं बांधला. दोनदा ओढून बघितला. बायको मागून म्हणाली, "अहो, वेशीत सोडून द्या हं. उगाच नको." मी गाडीत जाऊन बसलो. माय समोर बघत होती.

पहिला गिअर टाकला. दोर ताणला, टर्बोनं शिट्टी घातली आणि त्याची ती अवजड गाडी मुकाट मागं आली. चढ संपला, वेस आली. मी सोडलं नाही. त्याच्या घरावरून, त्याच्या सुनांसमोरून, अगदी हळू, पायी चालणाऱ्या माणसाला सगळं नीट दिसावं अशा बेतानं. चावडीवर माणसं होतीच, जयंतीच्या मंडपासाठी आणखी जमली होती. पोरं मागं पळत सुटली, हातात मोबाइल. पारावरची माणसं उठून उभी राहिली. माझी छाती फुगून फुटायची बाकी होती. अण्णा, बघा, असं मी मनात म्हणत होतो. मग मी आरशात बघितलं.

थोरला हसत होता. काच खाली घेऊन, कोपर बाहेर काढून, वरातीतल्या नवरदेवासारखा दोन्ही बाजूंना हात करत चालला होता. माणसं त्याला रामराम घालत होती. कुणीतरी ओरडलं, "मालक, नवा ड्रायव्हर ठेवला का?" आणि सगळी चावडी हसली.

विहारापाशी मी थांबलो. तो आरामात उतरला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बापाला म्या वढलं, पोरानं मला वढलं. पोरगं गुनाचं हाय. फेडलं त्यानं." मग स्वतःच दोर सोडला, गुंडाळला आणि सवयीनं आपल्या गाडीत टाकला. तेवढ्यात कंपनीचा माणूस मोटरसायकलवरून आला, दोन मिनिटांत कसला तरी वायर-जोड घट्ट केला, आणि थोरला गाडी चालू करून आपल्या घरी निघून गेला. माझा दोरही घेऊन गेला.

संध्याकाळी विहाराच्या पायरीवर मी मायजवळ बसलो. मंडपात दिवे लावायचं काम चाललं होतं. इतकी मेहनत, इतकी वर्षं, आणि शेवटी मिरवून घेतलं त्यानंच.

माय म्हणाली, "खालची तोटी कुठं टाकलीस रं?"

"कुठली?"

"सीटखालची. अण्णाची."

मी म्हणालो, डब्यात आहे, खिळ्यांच्या. का?

"पुलापाशी आले की वाकून बंद करायचे ती. मंग गाडी बरोबर मधी जाऊन थांबायची. एकदा लई लवकर थांबली, पुलावरच, तर मागं घेऊन पुन्यांदा आनली."

मला पुलाजवळ चपलेचा पट्टा नीट करायला वाकणारे अण्णा दिसले.

"या चावडीवरनं तुझ्या आज्याला पायतान हातात घेऊन जावं लागायचं," ती म्हणाली. "अण्णा म्हनायचे, आता त्येंचाच ट्रॅक्टर, त्येंच्याच घरचा थोरला, आपल्या गाडीला जुपायचा आन त्येंच्याच दारावरनं आपन बसून जायचं. हात जोडून वर. कुनाला कळायला नको. थोरल्याच्या बापाला तेवढं कळलं हुतं. तो लई चिडायचा पोरावर, पन पोरगं खुळं, त्याला ट्रॅक्टर दाखवायचा असायचा."

"मला का नाही सांगितलं?"

"लहान हुतास, तोंडात ऱ्हायलं नसतं. मोठा झाल्यावर वाटलं, तुला ठाव असंल. एवढा मशीनचा शिकलेला." तिनं काठी पायरीवर आडवी ठेवली. "शेडमधी सांगाय आले हुते. तू ठिनग्या उडवत बसलास."

मंडपातले दिवे लागले. वर बस, ताठ बस, दिसला पायजेस, हे अण्णा का म्हणायचे ते मला आत्ता कळत होतं. सबंध गावात एकच माणूस असा होता ज्यानं त्या मिरवणुकीत मान खाली घातली, आणि तो मागच्या सीटपुढे, खाली पायांपाशी लपलेला होता.

मायनं काठी हातात घेतली. उठता उठता म्हणाली, "आन आज तू आपली गाडी जुपलीस त्याला."

नांदेडला परत आलो तसा मी पहिल्यांदा खिळ्यांचा डबा उपडा केला. तोटी सापडली. डिझेलच्या नळीत मध्येच अशी तोटी बसवणं चुकीचं आहे. बंद केली की नळीत हवा शिरते, आणि मग हातपंप मारून हवा काढल्याशिवाय गाडी चालू होत नाही. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. बायको म्हणाली, "एवढी ताकदीची गाडी केलीत आणि आता बंद पाडायची सोय करताय?" मी म्हणालो, तो स्पॅनर दे. तोटी सीटखाली जुन्याच जागी बसवली, डोळे मिटून हात खाली घालून बघितला, बोटांना बरोबर लागली.

दोर मागायला मी गेलो नाही. थोरल्याकडेच असू दे. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला लागेल.